पातं ठरवायच्या आधी प्लॉट पायी फिरा

आम्ही ब्रश कटरने, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला पातं फिरणाऱ्या इंजिनाच्या मशीनने, माजलेलं रान कापून देतो. नवरात्राच्या आधीचे पंधरा दिवस आम्हाला जेवायला फुरसत नसते. बडोद्यात सोसायट्यांना गरब्यासाठी मैदान साफ हवं असतं आणि पावसाने तिथे कमरेएवढं रान माजवलेलं असतं. दसरा उलटला की भायली, सेवासी, वाघोडिया रोडकडचे प्लॉटवाले फोन करू लागतात. कुणी जागा घेऊन परदेशी गेलेलं असतं, कुणाच्या भावाभावांत वाटणी अडलेली असते. जागा तशीच पडून राहते आणि गांडो बावळ तिचा ताबा घेतो. वेडी बाभूळ म्हणा, विलायती बाभूळ म्हणा, इथे सगळे गांडो बावळच म्हणतात.

या कामात नव्याने उतरणारी मुलं मला पहिला प्रश्न विचारतात, "दादा, कुठलं मशीन घेऊ?" मी त्यांना उलट विचारतो, कापायचं काय आहे? हिरवं गवत असेल तर पात्याऐवजी नायलॉनची फिरती दोरी पुरते. भिंतीच्या कडेला, नळाच्या पाइपाजवळ तर दोरीच लावावी. वाळून काडी झालेलं गवत, रुई, बोटाएवढ्या जाडीची झुडपं यांना तीन दाती पातं लागतं. मनगटाएवढा बुंधा आला की गोल करवतीसारखं, 40 किंवा 80 दातांचं पातं. त्याहून जाड दिसलं की ब्रश कटर खाली ठेवून चेनसॉ किंवा कुऱ्हाड घ्यायची. जड पात्याला मशीनही तसंच लागतं: सरळ दांड्याचं, 40 सीसीच्या वरचं. वाकड्या दांड्याच्या हलक्या मशीनला लोखंडी पातं लावूच नका, त्याच्या दांड्यातली पातं फिरवणारी लवचीक तार त्यासाठी केलेली नसते.

पात्याचं मधलं भोकही पाहून घ्या. बहुतेकांचं 25.4 मिलिमीटरचं असतं, काहींचं 20. मापात बसत नसेल तर वॉशर घालून जुळवाजुळव करू नका. केसाएवढं जरी ते केंद्रातून सरकलं तरी मिनिटाला हजारो फेऱ्यांना हात बधिर होतात आणि नट सैल पडतो. या नटाचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो सुटतो. पहिल्या दिवशी हे माहीत नसल्याने मी अर्धा तास जोर लावून तो आणखी घट्ट करत बसलो होतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. सेवासीकडचा एक प्लॉट होता. मालकाला घाई, मलाही घाई. समोर बावळाची दाटी दिसली, तेव्हा थेट 40 दाती पातं चढवलं आणि आत घुसलो. जागा पायाखालून घातलीच नाही. वीसेक मिनिटांत पातं जुन्या कुंपणाच्या लोखंडी अँगलला लागलं आणि मशीन उजवीकडे, मागे, माझ्याच अंगावर आलं. मशीन अडकवलेला कमरेचा पट्टा आणि गमबूट होते म्हणून पाय वाचला. पात्याचे तीन दात उडाले होते. त्यातला एक मला नंतर बावळाच्या सालीत रुतलेला सापडला, छातीच्या उंचीवर. तो मी अजून डबीत ठेवला आहे आणि नव्या मुलाच्या तळहातावर ठेवून दाखवतो. त्या दातांची टोकं टंगस्टन कार्बाइडची असतात. लाकडात त्यांची धार खूप टिकते, पण दगड-लोखंडाला लागली की ठिकरी उडते.

झटका का बसला तेही समजून घ्या. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट फिरतं. समोर घड्याळाची तबकडी आहे असं धरा. 12 ते 3 च्या भागाने बुंध्याला भिडलात की मशीन उसळतं. म्हणून लाकूड डाव्या अंगाने, 8 ते 11 च्या भागाने घ्यायचं. गवत उजवीकडून डावीकडे झाडल्यासारखं कापायचं, म्हणजे कापलेलं डावीकडे पडत जातं. आजूबाजूला 15 मीटरच्या आत कुणी नको. मालक जवळ येऊन उभे राहतात, तेव्हा मशीन बंद करून त्यांना हात जोडतो.

तेव्हापासून मी आधी काठी घेऊन अख्खा प्लॉट आपटत फिरतो. विटांचे ढीग, तारा, उघडी टाकी, गांधीलमाशीचं पोळं, सगळं तेव्हाच कळतं. जिथे लोखंड किंवा विटा असतील तिथे चुन्याची खूण करतो आणि तेवढा भाग कोयत्याने काढतो. काठीच्या आवाजाने साप बहुधा निघून जातात, घोणस मात्र जागीच बसते. विश्वामित्री नदीच्या काठची जागा असेल तर मगरीचाही विचार हवा. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी वस्तीत शिरल्या होत्या. पाणी ओसरल्यावरही काठच्या दाट झाडोऱ्यात मी सकाळचं पुरतं उजाडल्याशिवाय पाऊल टाकत नाही. फोनवर भाव न सांगण्याचं कारणही हेच. पायी फिरल्याशिवाय काम किती आहे ते मालकालाही माहीत नसतं.

गाजरगवत फुलावर येण्याआधी कापा, नाहीतर बी सगळीकडे पसरतं. त्याच्या परागांनी आणि रसाने कातडीला खाज सुटते, दमही लागतो. तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट, चेहऱ्यावरच्या जाळीच्या आत गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच. बावळाचं दुखणं निराळं. नुसता कापला तर पुढच्या पावसात त्याच बुंध्यातून दहा फांद्या फुटतात. मी बुंधा हातभर ठेवतो, म्हणजे हलवायला धरता येतो. मग कुदळ-पहारीने तो मुळाच्या गाठीसकट काढतो. त्याची मजुरी वेगळी असते आणि ती आधीच बोलून घ्यावी. पैसे वाचवायला मालक नको म्हणाले, तर पुन्हा फुटेल हे त्यांना स्पष्ट सांगा.

दांडिया बाजाराकडे एक काका मशीनं दुरुस्त करतात. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, "पातं वाजवून बघितलंस का?"

"नाही काका, नवीनच आहे."

"नवं असो की जुनं. वाजव आधी."

त्यांनी पातं खिळ्याला टांगलं आणि पान्याने हलकेच टोला दिला. लांबपर्यंत नाद घुमला. मग दुसरं, एका गिऱ्हाइकाने वेल्डिंग करून आणलेलं, वाजवलं. ते बद्द वाजलं. "हे भंगारात," एवढंच म्हणाले. तडा गेलेलं पातं जोडून वापरता येत नाही.

आता रोज संध्याकाळी बावळाचा चिकट रस रॉकेलच्या बोळ्याने पुसतो. तीन दाती पात्याला कानस मारतो, प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात, नाहीतर तोल जातो. मग तेलाचा हात फिरवतो, खिळ्याला टांगतो आणि टोला देऊन ऐकतो.