पवनचक्कीच्या पात्यावरचा तडा मॉडेलला दिसत नाही? या चुका टाळा

ड्रोनने काढलेल्या फोटोंत पात्यावरचे तडे शोधणारं एआय मॉडेल ऑफिसमधल्या संगणकावर झकास चालतं. तेच ड्रोनवरच्या छोट्या बोर्डावर टाकलं की बारीक तडे गायब! अशा वेळी लगेच नव्याने ट्रेनिंग सुरू करू नका. लेन्सपासून चिपपर्यंतच्या वाटेत तडा नेमका कुठे पुसला जातो, ते आधी शोधा.

बहुतेकदा तो फोटो लहान करतानाच पुसला जातो. एक इंची सेन्सर, ८.८ मिमी लेन्स आणि ५४७२×३६४८ पिक्सेलचा कॅमेरा घ्या. ८ मीटरवरून त्याचा एक पिक्सेल पात्यावरचा सुमारे २.२ मिमी भाग टिपतो. अख्खा फोटो ६४० पिक्सेल रुंदीवर आणला की तोच पिक्सेल जवळजवळ १९ मिमीचा होतो. त्यात ३ मिमीचा तडा उरणार कसा? म्हणून फोटोचे ६४०×६४० चे तुकडे करा आणि शेजारच्या तुकड्यांत १२८ पिक्सेल सामाईक ठेवा, नाहीतर कडेवर कापलेला तडा दोन्हीकडे अर्धवटच दिसतो. असे ७७ तुकडे होतात. पण त्यातल्या अनेकांत नुसतं आभाळ किंवा डोंगर असतो. आधी लहान केलेल्या फोटोवर पात्याची बाह्यरेषा काढा आणि तेवढेच तुकडे तपासा. जास्त तपशील हवा म्हणून वाऱ्यात ड्रोन पात्याला चिकटवू नका, त्यापेक्षा लांब फोकसची लेन्स लावा.

शटरही बघा. ड्रोनचा वेग सेकंदाला २ मीटर आणि शटर १/२०० सेकंद असेल तर चित्र १० मिमी फरपटतं. १/१००० ला ते २ मिमीवर येतं.

पुढची अडचण ८ बिटची, म्हणजे वेगासाठी मॉडेलमधले आकडे ८ बिटांच्या पूर्णांकांत (इंट८) बसवण्याची. एनव्हिडियाच्या पहिल्या जेटसन नॅनो बोर्डाच्या मॅक्सवेल जीपीयूत (चित्रं हाताळणाऱ्या चिपमध्ये) इंट८ची सोय नाही, तिथे एफपी१६ वरच, म्हणजे १६ बिटांच्या दशांश आकड्यांवरच थांबा. नंतरच्या जेटसन ओरिनवर इंट८ चालतं, पण कॅलिब्रेशनला (आकडे ८ बिटांत कसे बसवायचे ते नमुना फोटोंवरून ठरवायला) फक्त स्वच्छ पात्यांचे फोटो दिले तर तड्यांचे क्षीण संकेत दबतात. उन्हाची चमक, ढगाळ हवा, सावली आणि प्रत्येक प्रकारचा दोष त्यात हवाच. मॉडेल पुन्हा शिकवल्यावर जुनी कॅलिब्रेशन कॅश फाइल (आधीच्या कॅलिब्रेशनचा साठवलेला निकाल) काढून टाका. ती जागेवर असेल तर टेन्सरआरटीचा (बोर्डावर मॉडेल चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरचा) कॅलिब्रेटर सहसा तीच वाचतो आणि तक्रारही करत नाही.

तरी निकाल जुळत नसेल तर फोटोचा एकच तुकडा संगणक आणि बोर्ड दोन्हीकडे चालवा आणि मॉडेलमध्ये जाणाऱ्या पहिल्या दहा आकड्यांची तुलना करा. एकीकडे ०.४७ आणि दुसरीकडे १२० दिसलं, तर दुसरीकडे पिक्सेलचे ० ते २५५ मधले आकडे २५५ ने भागायचं राहिलंय. पहिला आणि तिसरा रंग उलटे असतील तर ओपनसीव्ही या चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीचा बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रम बदलून आरजीबी केलेला नाही.

चाचणीचे फोटो सरसकट चिठ्ठ्या टाकून वेगळे काढू नका. एकाच पात्याचे एकमेकांवर चढलेले फोटो शिकवण्याच्या आणि चाचणीच्या अशा दोन्ही गटांत गेले तर आकडे फुगतात. वाटणी टर्बाइननुसार करा.

खोटे इशारे येतात ते ग्रीसचे ओघळ, लीडिंग एजवर (वारा कापणाऱ्या पुढच्या कडेवर) चिकटलेले किडे, टोकाजवळचं पाणी निचऱ्याचं भोक आणि आकाशातली वीज झेलणाऱ्या वीजरोधकाची धातूची चकती यांमुळे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या जांभ्याच्या पठारावर लाल धुळीचे डागही त्यात धरा. या सगळ्यांना 'दोष नाही' या एकाच पिशवीत कोंबण्यापेक्षा वेगवेगळी लेबलं द्या.

आणि साधा कॅमेरा फक्त पृष्ठभाग बघतो. आतले थर सुटले असतील तर ते कळायला अल्ट्रासाउंड, थर्मल कॅमेरा किंवा ठोकून तपासणी लागते. अहवालात 'पातं निर्दोष' असं लिहू नका, 'पृष्ठभागावर दोष आढळला नाही' असंच लिहा.