कोपऱ्यातला प्रकाशाचा ठोकळा: पहिली प्रकाशकृती कशी उभारावी

चित्रावर किंवा शिल्पावर टाकलेला प्रकाश त्या वस्तूच्या सेवेत असतो. प्रकाशकलेत मात्र पाहायची गोष्ट प्रकाश हीच असते. अमेरिकन कलावंत डॅन फ्लॅविन यांनी 1963 साली बाजारात मिळणारी आठ फुटी पिवळी ट्यूब भिंतीवर 45 अंशांत तिरकी लावली आणि तिच्यावर कोणताही संस्कार न करता तिलाच कलाकृती मानले. साधन साधे असले तरी चालते, जागेचा विचार मात्र बारकाईने करावा लागतो.

सुरुवातीला अमेरिकन प्रकाशकलावंत जेम्स टरेल यांच्या 1960च्या दशकातील प्रक्षेपणांचा, म्हणजे भिंतींवर टाकलेल्या प्रकाशझोतांच्या कृतींचा, अभ्यास करावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांनी कोपऱ्यात टाकलेला झोत अधांतरी तरंगणाऱ्या ठोकळ्यासारखा दिसतो, आणि तो कसा दिसतो हे समजले की या माध्यमाचा गाभा हाती येतो.

दोन पांढऱ्या भिंती मिळतात असा कोपरा निवडावा. भिंतींचा रंग चकाकी नसलेला असावा, कारण चकाकत्या पृष्ठभागावर दिव्याचे प्रतिबिंब उमटते आणि भ्रम तिथेच मोडतो. खिडक्या, दाराखालची फट आणि उपकरणांवरचे बारीक दिवेसुद्धा झाकावेत. प्रोजेक्टर कोपऱ्याच्या बरोबर समोर, दोन्ही भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवावा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी आकृती काढावी: डावी-उजवी बाजू उभी व सरळ, वरची कड मध्यभागी किंचित वर गेलेली आणि खालची कड मध्यभागी तितकीच खाली उतरलेली. मधला कोन भिंतींच्या सांध्यावर नेमका बसेपर्यंत प्रोजेक्टर बोटभर इकडेतिकडे सरकवत राहावे. तो बसला की खोलवर गेलेला सांधा डोळ्यांना पुढे आलेली धार वाटू लागतो. हा क्षण विलक्षण असतो. भिंत तीच असते, पण ती भिंत म्हणून दिसायची थांबते.

येथे एक अडचण हमखास येते. डिजिटल प्रोजेक्टर काळ्या भागातूनही थोडा प्रकाश सोडतो, त्यामुळे आकृतीभोवती करडा आयत दिसतो. प्रोजेक्टरची तीव्रता कमी करावी आणि भिंगापुढे आकृतीपेक्षा थोड्या मोठ्या छिद्राचा काळा पुठ्ठा धरावा. आयत पूर्ण नाहीसा झाला नाही तरी बराच विरतो. पुठ्ठ्याने प्रोजेक्टरच्या हवेची वाट अडणार नाही, हे पाहावे.

रंग नंतर आणावा. अमेरिकन कलावंत ब्रूस नॉमन यांनी 1970 साली कलाकृती म्हणून उभारलेल्या हिरव्या उजेडाच्या अरुंद बोळातून बाहेर पडणाऱ्याला काही वेळ सगळे गुलाबी भासते, कारण हिरव्याला सरावलेले डोळे त्याचा पूरक रंग स्वतःच निर्माण करतात. म्हणून रंगीत कृतीनंतर प्रेक्षक कुठे पाहणार आहे, तेही ठरवावे लागते. लुकलुकणारा प्रकाश मात्र नवशिक्याने टाळावा. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा होणारी उघडझाप काहींना अपस्माराचा झटका आणू शकते.

उजेडातून आलेल्या प्रेक्षकाला काही मिनिटे अंधारात थांबवावे. डोळे पूर्णपणे सरावायला अर्धा तास लागतो, पण ठोकळा तरंगताना दिसायला त्याहून बराच कमी वेळ पुरतो.