म्युझियममध्ये करिअर करायचंय? मग गिझाला गेल्यावर सोनं नंतर बघा

केमिस्ट्रीत बीएस्सी करून मी बडोद्याला म्युझियॉलॉजीला, म्हणजे म्युझियमशास्त्राला, ॲडमिशन घेतली तेव्हा आमच्या काकांनी सरळ विचारलं, म्हणजे वॉचमन होणार का रे? हल्ली ज्युनियर्सचे मेसेज येतात, इतिहास घेतलेला नसला तर चालतं का वगैरे, म्हणून एकदाच लिहून टाकतो. चालतं. उलट कॉन्झर्वेशनला, म्हणजे जुन्या वस्तू जपायच्या-दुरुस्त करायच्या कामाला, जायचं असेल तर केमिस्ट्रीच जास्त कामाला येते, हे मला खरं पटलं ते इजिप्तमधल्या गिझाला.

तिथल्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमची पायाभरणी २००२ ची आणि उद्घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे आपले उड्डाणपूलसुद्धा बरे म्हणायचे. आत शिरलं की दुसरा रामसेस या राजाचा ८३ टनांचा पुतळा उभा, मग तो अवाढव्य जिना, आणि वर पोचलं की काचेतून थेट पिरॅमिड. तुतनखामन राजाच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू पहिल्यांदाच एका जागी आल्यात. सगळे सोन्याच्या मुखवट्याकडे धावतात, मीपण धावलो, खोटं कशाला बोलू.

पण त्या मुखवट्यापुढे उभं राहून मला आठवत होता गोंद. २०१४ मध्ये, तो कैरोच्या ताहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममध्ये असताना, त्याची दाढी निखळली आणि घाईघाईत इपॉक्सी नावाच्या पक्क्या गोंदाने चिकटवली गेली. इपॉक्सी एकदा बसलं की सुटायचं नाव घेत नाही. शेवटी २०१५ मध्ये जर्मन तज्ज्ञासोबतच्या टीमने लाकडी हत्यारांनी ते हळूहळू खरवडून काढलं आणि दाढी मधमाशांच्या मेणाने बसवली, प्राचीन इजिप्तमध्ये वापरायचे तसंच. आपल्या लाइनमधला पहिला नियम हाच, आज जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे. मी पहिल्या इंटर्नशिपमध्ये एका मातीच्या भांड्याचा तुकडा तिरका बसवला होता, मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त ॲसिटोनची बाटली पुढे सरकवली. गोंद म्हणून पॅरालॉइड बी-७२ होतं म्हणून वाचलो, ते ॲसिटोनमध्ये विरघळतं.

नवीन मुलांनी खरा वेळ द्यावा इथल्या खुफूच्या होड्यांना, म्हणजे ज्याचा तो सगळ्यात मोठा पिरॅमिड त्या राजाच्या. पहिली १९५४ मध्ये सापडली, १,२२४ तुकडे, जुळवायला दहा वर्षांहून जास्त लागली, आणि फळ्या दोऱ्यांनी शिवलेल्या. दुसरी होडी तर लोकांसमोरच जुळवतायत, इजिप्शियन आणि जपानी टीम मिळून. मी तिथे जवळजवळ दोन तास नुसता उभा होतो, सोबतचे वैतागून कॉफी प्यायला निघून गेले.

आणि हो, रामसेसची ममी इथे शोधत बसू नका, राजांच्या ममी २०२१ मध्ये मिरवणुकीने कैरोतल्याच फुस्तात भागातल्या दुसऱ्या म्युझियममध्ये नेल्यात आणि तुतनखामनची ममी अजून दक्षिणेला लक्सरलाच आहे, त्यामुळे प्लॅन तसा करा.

इकडे शिकायचं तर बडोदा आहे, नोएडाला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज आहे, लखनौला कॉन्झर्वेशनची राष्ट्रीय लॅब आहे, आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे. ॲडमिशनआधी तिथलं काम जमलं तर एकदा बघून या, कारण दिवसभर कापसाच्या बोळ्याने एक वीतभर जागा साफ करणं सगळ्यांना झेपत नाही. सुरुवातीला कामं बहुतेक कॉन्ट्रॅक्टवरच मिळतात.

काकांना रामसेससोबतचा फोटो पाठवला. रिप्लाय आला, छान, पगार किती?