जमिनीखालच्या गॅस पाइपलाइनची जोखीम कशी ठरवावी आणि गंज कसा रोखावा

२७ जून २०१४ रोजी पहाटे आंध्र प्रदेशातील तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात, नगरम् गावाजवळ, गेल या सरकारी वायुकंपनीची नैसर्गिक वायूची पाइपलाइन फुटली आणि लागलेल्या आगीत वीसहून अधिक माणसांचा जीव गेला. कोरड्या वायूसाठी बांधलेल्या त्या वाहिनीतून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेला ओला वायू जात होता व पोलाद आतून गंजत होते. बाहेरून दिलेले कॅथोडिक संरक्षण, म्हणजे गंज थोपवण्यासाठी पोलादाला पुरवलेला विद्युतप्रवाह, नळाच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. म्हणून जोखमीच्या मूल्यमापनाला बसताना ‘संरक्षण आहे का’ असे न विचारता ‘कोणत्या धोक्यापासून आहे’ असे विचारावे.

सुरुवात वाहिनीचे भाग पाडण्यापासून करावी. दर दहा किलोमीटरला एक भाग ही पद्धत कागदावर सोयीची असली, तरी धोका किलोमीटरच्या दगडांप्रमाणे बदलत नाही. नळाची जाडी, आवरणाचा प्रकार, टाकल्याचे वर्ष, जमीन, नदी-रस्ता-रेल्वे ओलांडण्याची ठिकाणे आणि आजूबाजूची वस्ती यांपैकी काहीही बदलले की नवा भाग धरावा. महाराष्ट्रात तर एकाच वाहिनीला खाडीकाठची खारट चिखलवट, कातळ आणि काळी माती असे तिन्ही भेटू शकतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते आणि त्या हालचालीत आवरण ओढले जाते. कातळात वाळूची गादी नीट घातलेली नसेल तर दगडाचे टोक आवरणात रुतते. मातीचा विद्युतरोध चार खुंट्यांच्या वेन्नर पद्धतीने मोजावा आणि खुंट्यांमधले अंतर नळाच्या खोलीइतके ठेवावे. तो १००० ओहम-सेंटीमीटरच्या खाली आला, तर ती माती अत्यंत गंजकारक समजावी.

त्यानंतर प्रत्येक भागापुढे धोके लिहावेत. काही धोके काळानुसार वाढतात, जसे बाहेरचा गंज, आतला गंज आणि ताणामुळे पडणाऱ्या भेगा. काही जन्मजात असतात, जसे कारखान्यातील किंवा वेल्डिंगमधील दोष. काहींना वेळकाळ नसतो, जसे परवानगीविना चाललेले जेसीबीचे खोदकाम, पूर किंवा वाहिनी चालवणाऱ्या कर्मचाऱ्याची चूक. या सर्वांच्या गुणांची सरसकट बेरीज करून एकच आकडा काढू नये. नऊ ठिकाणी उत्तम गुण मिळाले की दहाव्या ठिकाणचा जीवघेणा धोका त्या बेरजेत दिसेनासा होतो.

परिणामांचा अंदाज मात्र आकड्यात काढता येतो. नैसर्गिक वायूसाठी संभाव्य परिणामाची त्रिज्या मीटरमध्ये काढायची, तर व्यास मिलिमीटरमध्ये आणि दाब किलोपास्कलमध्ये घेऊन ०.००३१५ ला व्यासाने व दाबाच्या वर्गमुळाने गुणावे. ४५० मिलिमीटर व्यास आणि ५००० किलोपास्कल दाबाला ती सुमारे १०० मीटर येते. त्या वर्तुळात शाळा, बाजार किंवा दवाखाना आला, तर तो भाग यादीत वर जातो. वस्तीची मोजणी मात्र जुन्या नकाशावरून करू नये. वाहिनी टाकताना जिथे शेत होते तिथे आज चाळ उभी असू शकते.

बाहेरच्या गंजासाठी आवरण ही पहिली ढाल आणि कॅथोडिक संरक्षण ही दुसरी. संरक्षणाची कसोटी म्हणून तांबे-तांबेसल्फेट अर्धसेलच्या (जमिनीला टेकवायच्या संदर्भ-विद्युतघटाच्या) तुलनेत नळाचा उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण विभव (विद्युतदाब) धरला जातो. सल्फेट खाणारे जिवाणू असलेल्या ओल्या, हवाहीन मातीत उणे ९५० धरावे. हे वाचन पुरवठा क्षणभर तोडल्याबरोबरचे हवे, कारण प्रवाह चालू असताना दिसणाऱ्या आकड्यात मातीतला विभवपातही मिसळलेला असतो. प्रवाह वाढवत नेणे हाही उपाय नव्हे. तोडलेल्या स्थितीतील वाचन उणे १२०० च्या पलीकडे गेले, तर आवरण पोलादापासून सुटू लागण्याचा धोका असतो. आवरण सुटले पण फाटले नाही, तर त्याच्या आड शिरलेल्या पाण्यापर्यंत संरक्षणाचा प्रवाह पोहोचत नाही आणि वरून घेतलेले वाचन उत्तम दिसते. एरवी मे महिन्यातील कोरड्या मातीतले आणि पावसाळ्यानंतरचे, अशी दोन्ही वाचने शेजारी ठेवूनच मत बनवावे. वाहिनी उच्चदाब विद्युतवाहिनीला समांतर जात असल्यास नळावरचा प्रत्यावर्ती (एसी) विभवही मोजावा. तो १५ व्होल्टच्या वर गेला, तर काम करणाऱ्या माणसाच्याच सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो.

टेस्ट पॉइंटवरची, म्हणजे विभव मोजण्यासाठी वाहिनीवर ठेवलेल्या ठरावीक जागांवरची, वाचने केवळ त्या ठिकाणांचीच हकीकत सांगतात. मधल्या पट्ट्यासाठी पावलापावलावर विभव मोजत चालावे आणि आवरणातील छिद्रे शोधण्यासाठी विभवाचा उतार, म्हणजे जमिनीवरच्या दोन जवळच्या ठिकाणांमधला विभवाचा फरक, मोजावा. कमी संरक्षण आणि फाटके आवरण जिथे एकाच जागी सापडतात, तिथे आधी खोदावे.

आतल्या गंजासाठी वायूचा दवबिंदू (ज्या तापमानाला त्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते) नियमित तपासावा, सफाईच्या पिगने (नळातून वायूच्या दाबाने ढकलल्या जाणाऱ्या यंत्राने) बाहेर काढलेला गाळ फेकून न देता प्रयोगशाळेत पाठवावा, आणि नळाचे सखल भाग, जिथे पाणी साचते, नकाशावर वेगळे दाखवावेत. दुर्दैवाने हेच काम सर्वांत आधी टाळले जाते.

पिगच्या अहवालातील आकडे वाचताना सावध राहावे. समजा, ८ मिलिमीटर जाडीच्या नळावर चुंबकीय पिगने (चुंबकीय क्षेत्राने धातूची झीज शोधणाऱ्या पिगने) एका तपासणीत २० टक्के आणि पाच वर्षांनी त्याच जागी ३५ टक्के धातुक्षय दाखवला. वरवर पाहता वर्षाला ०.२४ मिलिमीटर गंज झाला. परंतु अशा पिगची खोलीतील अचूकता सहसा जाडीच्या अधिक-उणे दहा टक्के असते. दोन्ही वेळच्या चुका जमेस धरल्या, तर या फरकाचा मोठा वाटा मोजणीचाच असू शकतो, किंवा खरा वेग याहून अधिकही असू शकतो. दोषाची लांबी व खोली घेऊन उरलेली ताकद काढावी, ती चालू दाबाला पुरत नसेल तर दाब तत्काळ उतरवावा, आणि निवडक जागी खड्डा घेऊन प्रत्यक्ष जाडी मोजावी. खड्डा बुजवण्यापूर्वी गंजाचे छायाचित्र, मातीचा नमुना आणि आवरणाखालच्या पाण्याचा सामू (पीएच) नोंदवावा, नवे आवरण चढवून त्याची हॉलिडे चाचणी (आवरणातील छिद्रे शोधणारी विद्युत चाचणी) घ्यावी, आणि माती बसल्यावर त्या जागेचे विभव पुन्हा मोजून ते त्या भागाच्या जोखीम-पत्रकात चढवावे.