जुनी गाडी घरी आली. पहिल्या महिन्यात काय काय करायचं?

चिपळूणहून कराडकडे परत येताना, कुंभार्ली घाटाच्या मध्यावर आमच्या वॅगन-आरच्या डॅशबोर्डवर तापमानाचा इशारा लागला. २०११ ची गाडी, घरी येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मागे आई बसलेली, डिकीत हापूसच्या दोन पेट्या. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तासभर थांबलो. मग रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत कोऱ्या चहासारखं तांबूस पाणी. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत द्रवाचा, थेंबही नव्हता. कित्येक वर्षं कुणीतरी नुसतं नळाचं पाणी ओतत आलं होतं.

गाडी घेताना आधीच्या मालकाने सांगितलं होतं, ‘आत्ताच सर्व्हिसिंग केलंय.’ तो खोटं बोलला असं मला आजही वाटत नाही. त्याच्या लेखी सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल बदलणं आणि गाडी धुऊन घेणं, एवढंच होतं. पण त्या दिवसापासून मी एक नियम धरला आहे आणि जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला तोच सांगतो. ज्या कामाचं बिल हातात नाही, ते काम झालेलंच नाही असं समजा आणि स्वतःच्या हाताने नवं खातं उघडा. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा. सीटकव्हर, म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील हे सगळं नंतर.

पहिल्या दिवशी फक्त बघा

सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी बोनेट उघडा. गाडी सपाट जागी हवी. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. ऑइलची रेघ खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. मग ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघा. आतल्या बाजूला सायीसारखा पांढरट-पिवळसर थर दिसला तर सावध व्हा. गाडी रोज अगदी थोडी थोडी चालत असेल तर नुसत्या दमटपणानेही असा थर धरतो. पण कूलंटही कमी होत असेल, तर हेडगॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेल्याची शक्यता आहे आणि ते मोठं काम आहे.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. सायलेन्सरमधून सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, ती चालते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. एअर फिल्टर चोंदला असेल किंवा एखादा सेन्सर बिघडला असेल. इंजिन चांगलं तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला, तर कूलंट आत जळतंय. ती गाडी लांब नेऊ नका.

रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरा. सकाळी डाग बघा. काळपट डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा लाल-गुलाबी कूलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेक ऑइलची शंका घ्या आणि दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवू नका. एसी चालवल्यावर पडलेलं स्वच्छ पाणी मात्र ठीक आहे.

पहिल्या आठवड्यात सगळे द्रव बदला

इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर एकदमच बदला. ऑइल नवं आणि फिल्टर जुना, हे बरोबर नाही. कोणत्या ग्रेडचं ऑइल हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका मिळाली नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर शोधा. ‘जुनं इंजिन आहे, जाड ऑइल टाकू’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. पुस्तिकेत त्या ग्रेडला परवानगी नसेल तर ऐकू नका. ऑइल काढताना ते कसं बाहेर येतंय, हे उभं राहून बघा. डांबरासारखं घट्ट, चिकट आलं तर पुढचं ऑइल ठरलेल्या अंतराची वाट न बघता हजार-दोन हजार किलोमीटरवरच बदला. जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू देऊ नका, गॅरेजवाले ते साठवून विकतात.

कूलंटवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त हेळसांड त्याचीच होते. कूलंट फक्त इंजिन थंड ठेवत नाही. पाण्याचा उत्कलनबिंदू ते वाढवतं आणि आतल्या धातूला गंजू देत नाही. नुसत्या नळाच्या पाण्याने क्षार धरतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात, वॉटर पंप खराब होतो. आमच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना जुनं पाणी काढा आणि स्वच्छ पाणी निघेपर्यंत फ्लश करा. मग तयार मिश्रणाचं कूलंट भरा, किंवा घट्ट कूलंट असेल तर डब्यावर दिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळू नका. भरल्यावर गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत. पंखा लागलाच नाही तर दोष सापडला. मेकॅनिकला थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागेवर आहे का हेही विचारा. गाडी गरम होते म्हणून तो काढून टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे; त्याने इंजिन तापायला उशीर लागतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट चेहऱ्यावर येतं. रबरी पाइप हाताला गार लागेपर्यंत थांबा. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, सांडलं तर लगेच धुऊन टाका. गल्लीतली कुत्री ते चाटतात.

ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. असं पाणी धरलेलं ऑइल घाट उतरताना तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल एकदम मऊ पडतं. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलतात आणि अनोळखी गाडीत लगेच. कोणत्या प्रकारचं घालायचं हे त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. गिअर ऑइल सगळेच विसरतात, तेही याच फेरीत बघून घ्या. एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर घरीच बदलता येतो. स्पार्क प्लगही काढून बघा आणि शंका असेल तर चारही किंवा तीनही, जेवढे असतील तेवढे, एकदम बदला.

ब्रेक आणि टायर

घरच्या घरी करता येणारी एक तपासणी सांगतो. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. आता पाय दाबून ठेवूनच गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर ब्रेक बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, काम करतोय. मग पाय तसाच अर्धा मिनिट ठेवा. पेडल हळूहळू खाली बुडत राहिलं तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) किंवा लाइनमध्ये गळती आहे आणि गाडी तिथूनच गॅरेजला जाते, तीही टो करून. पुढचे पॅड आणि मागचे लायनर चाकं काढून डोळ्यांनी बघा. ‘अजून चालतील’ म्हणजे किती, हे मेकॅनिकला विचारा. पॅडचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर बदलाच.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षी भरपूर असूनही म्हातारे झालेले असतात. रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात आणि पावसात ते घसरतात. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, ते टायरच्या पृष्ठभागाला टेकले की १.६ मिलिमीटर उरलं, म्हणजे टायर संपला. टायर फक्त आतून किंवा बाहेरून झिजला असेल तर नुसता टायर बदलून भागत नाही, अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आहेत का) आणि सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतली रबरं) बघावे लागतात. हवा किती भरायची याचा स्टिकर ड्रायव्हरच्या दाराजवळ असतो, टायर गार असताना भरा. आणि स्टेपनी! तिच्यात हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, चाकाचे नट सुटतात का, हे रस्त्यात कळण्यापेक्षा घरासमोर एकदा स्वतः चाक काढून बघा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र शिरू नका, मेकॅनिक कितीही सहज शिरत असला तरी.

बेल्ट आहे की चेन?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. इंजिनच्या आत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखायला टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन असते. २०१० नंतरच्या वॅगन-आरमधलं के-१० इंजिन चेनचं आहे, त्याआधीच्या वॅगन-आरला बेल्ट होता. जुन्या ८०० सीसी अल्टोला आणि सँट्रो झिंगलाही बेल्टच. चेनचा आवाज वाढला तर लक्ष द्यायचं, एरवी ती टिकते. बेल्ट मात्र रबराचा आहे. तो तुटण्याआधी सहसा आवाज करत नाही, तुटला की इंजिन जागीच बंद पडतं आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. तुमच्या गाडीला बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचं बिल नसेल, तर टेन्शनरसकट, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीसकट, बदलून घ्या. शक्य असेल तर त्याच वेळी वॉटर पंपही. बाकी खोललेलंच असतं, मजुरी वाचते.

बाहेरचा फॅन बेल्ट आणि सगळे रबरी पाइप एकदा हाताने दाबून बघा. भेगा, फुगवटा, चिकटपणा, काहीही आढळलं तर बदला. पेट्रोलच्या पाइपकडे विशेष लक्ष द्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. बोनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवू नका.

बॅटरी आणि वायरिंग

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर आधी वजा आणि मग अधिक टर्मिनल काढा, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासा, कोरडं करा, व्हॅसलीन लावा आणि उलट क्रमाने जोडा. साध्या मल्टिमीटरवर बंद गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवते. चालू गाडीत आकडा वाढला नाही तर दोष अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, असू शकतो. गॅरेजवाला नवी बॅटरी गळ्यात मारण्याआधी हे मोजून घ्या. टेप गुंडाळलेल्या, मध्येच जोडलेल्या वायरी दिसल्या तर त्या सोडवून नीट करून घ्या. आणि बोनेटखाली उंदरांच्या लेंड्या दिसतात का, तेही बघा.

पावसाळ्याआधी

समोरच्या काचेखालच्या जाळीत पानं साचतात आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. पानं काढा, दारांच्या खालची बारीक भोकं तारेने मोकळी करा. पायाखालचं कार्पेट उचलून हात लावा. तिथे ओल किंवा गंज असेल तर गाडीत पाणी शिरत होतं. वायपरची रबरं बदलायला विसरू नका. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो, खालून कोटिंग करायचं तर आधी गंज काढून मगच करा.

कागदपत्रं

आरसी तुमच्या नावावर करायला आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर अपघातात तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस तपासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २०११ ची गाडी २०२६ मध्ये त्या टप्प्यावर येते, किंमत ठरवताना ही तारीख बघायलाच हवी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) चालू आहे का, तेही पाहा.

एवढं झालं की एक दोनशे पानी वही घ्या. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणत्या कंपनीचं, किती पैसे. बिलं तिच्याच मागे टाचा. आमच्या वहीचं पहिलं पान पोफळीच्या एका गॅरेजमध्ये, पेट्रोल पंपाच्या कॅलेंडरमागे लिहिलेलं आहे. ‘कूलंट बदलले, वरचा पाइप बदलला.’ ते पान नंतर वहीत चिकटवलं. पुढच्या मे महिन्यात त्याच घाटातून वर आलो, मागे आई आणि डिकीत या वेळी तीन पेट्या, तेव्हा वर पोचल्यावर पुन्हा बोनेट उघडून बघितलं. पंखा फिरत होता आणि खाली रस्ता कोरडा होता.