रेडिओथेरपीमुळे तोंड आल्यावर घरगुती उपाय करताना या चुका टाळा

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी रेडिओथेरपी (किरणोपचार) घेणाऱ्या बहुतेक रुग्णांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडात जळजळ सुरू होते, मग आतली त्वचा लाल होऊन सोलवटते. घरात लगेच ‘उष्णता वाढली’ असे निदान होते आणि सब्जा, गुलकंद, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या यांचा मारा सुरू होतो. मूळ चूक इथेच होते. तोंडाच्या आतल्या आवरणातील पेशी सतत मरत आणि नव्याने तयार होत असतात. किरणांमुळे नव्या पेशी पुरेशा वेगाने तयार होत नाहीत आणि आवरण उघडे पडते. सहा-सात आठवड्यांचे उपचार चालू असेपर्यंत ही जखम पूर्ण भरण्याची अपेक्षा धरू नये. उपचार संपल्यावर ती बहुधा दोन ते चार आठवड्यांत, काहींच्या बाबतीत त्याहून सावकाश भरते. तोवर घरगुती उपायांकडून स्वच्छता, ओलावा आणि थोडा आराम एवढेच मागावे.

एरवी तोंड आल्यावर वापरले जाणारे जहाल आणि तुरट उपाय इथे सर्वाधिक त्रास देतात. तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या, काथ, पेरूची कोवळी पाने चावणे, लवंगेचे तेल, मधात कालवलेली टाकणखाराची (बोरॅक्सची) लाही हे सारे सोलवटलेल्या आवरणाला झोंबते. लाळग्रंथींवरही किरण पडत असल्याने तोंड आधीच कोरडे झालेले असते, आणि तुरट पदार्थ ते अधिकच कोरडे करतात. टाकणखार तर पोटात जाणेही घातक आहे. मिसरी किंवा तंबाखू ‘फक्त चोळण्यापुरती’ चालते, हा समज तर अजिबात नको.

मीठ आणि सोड्याच्या गुळण्या हा साधा आणि सुरक्षित उपाय आहे, परंतु तोही पुष्कळदा बिघडवला जातो. एक लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा एवढे प्रमाण पुरते; लवकर गुण यावा म्हणून ते वाढवल्यास आग होते. सोड्याऐवजी पापडखार किंवा फसफसणारे फ्रूट सॉल्ट वापरू नये. पाणी रोज नवे करावे, दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर हलक्या गुळण्या कराव्यात, पाणी गिळू नये. अल्कोहोल असलेले माउथवॉश बंद ठेवावेत.

मधाला काहीसा आधार आहे: आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डोके-मानेच्या रेडिओथेरपीत मधाचा वापर सुचवलेला आहे. मात्र लाळ कमी असताना साखर दातांवर टिकते आणि दात किडतात, म्हणून मध वापरल्यास थोड्या वेळाने तोंड धुवावे. मधुमेह असल्यास किंवा केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. हळदीबाबत संशोधन झाले असले तरी स्वयंपाकघरातील भुकटी उघड्या जखमेवर दाबणे हा त्याचा अर्थ नव्हे.

‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ म्हणून जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणेही टाळावे. कॅनडातील क्विबेक येथे ५४० रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते) एकत्र घेणाऱ्यांना तीव्र दुष्परिणाम कमी झाले, पण पूरक गोळ्या घेणाऱ्या गटात कर्करोग मूळ जागी परतण्याचे प्रमाण अधिक असण्याकडे कल दिसला. त्रास कमी झाला म्हणजे उपाय लाभला, असे प्रत्येक वेळी नसते.

पांढरा थर दिसला की तो जोराने खरवडून काढण्याचाही मोह होतो. तो जखमेवरचा पापुद्रा असू शकतो किंवा कॅन्डिडा बुरशीचा संसर्ग. बुरशीला औषध लागते. गुळण्यांनी ती जात नाही.

दुखते म्हणून खाणेच सोडणे ही चूक महाग पडते. वजन उतरले की किरण देताना डोके स्थिर ठेवण्यासाठी चेहऱ्यावर बसवलेला मास्क सैल होतो आणि किरणांची दिशा जुळवणे अवघड होते. उपचारांत खंड पडला तर त्यांचा परिणामही घटतो. ठेचा, लिंबू, कोकम आणि कडक भाकरी बाजूला ठेवून मऊ तूपभात, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची खीर, कुस्करलेले उकडलेले अंडे असे पदार्थ कोमट करून द्यावेत. जेवणापूर्वी वेदनाशामक औषध किंवा तोंड बधिर करणारे जेल डॉक्टरांकडून मागून घेण्यात कमीपणा नाही. बधिर तोंडाने मात्र सावकाश खावे, कारण चावा बसल्याचे किंवा ठसका लागत असल्याचे पटकन कळत नाही. पाणीही गिळता येत नसेल, तोंडातून रक्त येत असेल किंवा ३८ अंश सेल्सिअस वा त्याहून जास्त ताप असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.