शिक्षकांना एकत्र आणताय? या चुका टाळा

सगळ्यात घातक चूक म्हणजे निकालांची जाहीर तुलना. दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी गणिताच्या चाचणीचा वर्गवार तक्ता शिक्षकांच्या नावांसकट ऑफिसात लावला. चुरस लागेल, हा हेतू. पुढच्या चाचणीत सगळ्या वर्गांचे आकडे वर गेले. पण मी चौथीत जाऊन 52 मधून 27 वजा करायला सांगितले, तर बऱ्याच मुलांनी 35 लिहिले. एककात 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून मुलांनी सरळ 7 मधून 2 काढले होते. तक्ता लागल्यापासून एकही शिक्षक ‘माझ्या वर्गाला हे जमत नाही’ असे बोलायला तयार नव्हता.

तक्ता काढायला लावला. शनिवारी शाळा सुटल्यावर दुसरी ते चौथीच्या शिक्षकांना नावे झाकलेल्या, चुकलेल्या वह्या घेऊन बसवले. मुख्याध्यापकांना बाहेर ठेवले. माझा तसा नियमच आहे. तासाभरात उलगडा झाला. दुसरीत ‘दशक सुटा करा’ म्हणायचे, तिसरीत ‘शेजाऱ्याकडून उसना घ्या’. मुलांना ही दोन वेगळी गणिते वाटत होती. मग तिन्ही वर्गांत काड्यांचे गठ्ठे आले आणि बोलणेही एकच ठरले.

दुसऱ्याचा तास बघायला फॉर्म घेऊन जाऊ नका. जपानमध्ये पाठ आधी सगळे मिळून आखतात, मग एकजण शिकवतो आणि बाकीचे मुलांकडे बघतात. पाठ फसला तर तो सगळ्यांचा फसतो. आपल्याकडे उत्साही मंडळी एकत्र आखणी गाळतात आणि फक्त बघायला जातात. मग ती तपासणीच होते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. ते एकट्याने मोबाईलवर व्हिडिओ चालवून उरकू नका.

व्हॉट्सअॅपवर उपक्रमांचे फोटो टाकणे म्हणजे सहकार्य नव्हे.

बदलीने आलेल्या शिक्षकाला नवखा समजून गप्प बसवू नका. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागात नोकरी केलेला असेल, तर तिथून द्राक्षाच्या कामाला आलेल्या कुटुंबांतल्या मुलांची बोली त्याच्या कानाला ओळखीची असते. त्या मुलांचे वाचन कुठे अडते, हे आधी त्याला विचारा.

आणि पहिल्याच महिन्यात ‘फरक किती पडला?’ म्हणून आकडे मागू नका. मागितलेत, तर भिंतीवरच्या तक्त्यासारखेच आकडे हातात पडतील.